लाल कड्याखालचे दोन ठोके

दाढ दुखायला लागून तीन दिवस झाले होते, पण मी घरात कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. चौथ्या दिवशी सून पालमोने थुकप्याचा वाडगा पुढे ठेवला आणि मी पहिला घोट डाव्या गालाने घेतला. तेवढ्यावरून तिने ओळखलं.

"अमा, दाढ ना?"

"दाढ नाही. थुकपा खारट झालाय."

ती उठली आणि माझ्या लेकाला, अंगरूपला, सांगून आली. संध्याकाळी तो म्हणाला, उद्या सकाळी लवकर निघू, बोगद्यातून मनालीला जाऊ, काढून टाकू, दिवस मावळायला घरी. जसा काही तो माझा दात नव्हता, शेतातला दगड होता.

आमचं दुरचेन म्हणजे ह्या रस्त्यावरचं शेवटचं गाव. बोगदा झाल्यापासून हिवाळ्यातही गाड्या वर येतात. घर रस्त्याला लागून, पुढच्या खोलीत तंदूर, आमची लोखंडी शेगडी, पेटलेला. ड्रायव्हर येतात, खारा चहा पितात, हात शेकतात, बढाया मारतात आणि जाताना गाडीचे दिवे पुसून जातात. दिवे पुसण्याला आमच्याकडे कोणी हलकं काम म्हणत नाही. बर्फात रस्ता असतो तो दिव्यापुरता. दिवा लिंपला की पुढे चंद्रा नदी, आणि तिला घाई कधीच नसते.

जुने पिवळे दिवे बरे होते. तापायचे, अंगावर बसलेला बर्फ स्वतःच वितळवायचे. आता सगळ्यांना पांढरे हवेत. उजेड ढीगभर, ऊब नावाला नाही. बर्फ बसला की बसला. बाहेरचे लोक त्यावर उकळतं पाणी ओततात आणि काच तडकली की आमच्या तोंडाकडे बघतात. आमची रीत साधी आहे. वाळुंजाच्या लाकडाची पट्टी घ्यायची, तिने खरवडायचं, फडक्याने कोरडं करायचं, मग अर्धा कापलेला बटाटा काचेवरून फिरवायचा. त्याच्या रसावर बर्फ लवकर धरत नाही.

वाटेत थांबायचीही रीत आहे. गाडीत दोघं असतील तर एक उतरतो. आत बसलेला हँडब्रेक ओढत नाही, कारण ओलाव्याने तो तसाच गोठून बसतो. क्लच आणि ब्रेक दाबून, गिअर टाकलेला ठेवूनच तो थांबतो. उतरलेला तोंडातून शब्द काढत नाही. एक तर वर बर्फ तोललेला असतो, आवाजाने सुटतो. दुसरं म्हणजे पौष-माघात आमचे देव स्वर्गात गेलेले असतात, देवळांना कुलपं असतात. त्या दिवसांत उघड्यावर कोणाला नावाने हाक मारायची नाही. कोण ऐकत असेल सांगता येत नाही. म्हणून दोन्ही दिवे झाले की बाजूला व्हायचं आणि पट्टीने बॉनेटवर दोन ठोके मारायचे. आतला क्लच सोडतो, गाडी रांगायला लागते, बाहेरचा चालत्या गाडीत चढतो. बर्फावर एकदा हललेली गाडी पुन्हा थांबवायची नसते.

माझा नवरा तोबदन ह्याच कामात गेला. अकरा वर्षं झाली. घरापासून चार किलोमीटर खाली लाल कडा आहे, त्याच्या वळणावर. अंगरूप तेव्हा बावीसचा, गाडी तोच चालवत होता. तोबदन दिवे पुसायला उतरला, पाय घसरला, खाली गेला. अंगरूपने घरी येऊन असं सांगितलं आणि मी ऐकलं. मे महिन्यात बर्फ सुटला तेव्हा तो नदीकाठी सापडला. कंबरेचं हाड पुढच्या बाजूने मोडलेलं. एवढ्या उंचावरून पडलेल्या माणसाची हाडं मोडणारच, लामा म्हणाले. मीही तेच म्हटलं.

गावातल्या दोघीजणी तेव्हा कुजबुजल्या होत्या. त्यांना मी माझ्या दारात उभं केलं आणि ऐकवलं, "माझ्या लेकाने मला आजवर एक गोष्ट खोटी सांगितलेली नाही. तुमच्या लेकांनी एक खरी सांगितली असेल तर आणा समोर." त्या मान खाली घालून गेल्या. नवरा गेला, गुडघे गेले, कानाला कमी येतं. पण एवढं एक माझं होतं. मला खोटं न सांगणारा मुलगा.

लाल कड्याबद्दल ड्रायव्हर अधूनमधून बोलायचे. आधी एवढंच, की तिथे दिवे फार लवकर बुजतात. सिस्सू गावचा रापतन मला आचे, मोठी बहीण, म्हणतो. तो म्हणायचा, "छिमेद आचे, बर्फ खालीही तोच, वरही तोच. पण दिवे लिंपतात ते तिथेच. कोणी हाताने लिंपल्यासारखे."

"दिवे नाही लिंपत, तुझे डोळे लिंपतात. निघताना छांग कमी पीत जा."

ह्या हिवाळ्यात तोच रापतन एकदा आपल्या भाच्याला घेऊन आत आला. भाचा चांगला मिशीवाला गडी, पण एक गाल लाल.

"मी पुढे वाकलेला," रापतन म्हणाला, "दुसरा दिवा अजून पुसायचा होता, आणि ह्या शहाण्याने गाडी सोडली! उडी मारली म्हणून तुझा चहा पितोय. विचार त्याला का सोडली. म्हणतो, ठोके ऐकले."

"दोन ऐकले, मामा," भाचा म्हणाला. "नीट दोन."

"म्हणून मी दिली एक कानाखाली."

"दोन ऐकले आणि एकच दिलीस? कंजूष मेला," मी म्हटलं, आणि सगळी खोली हसली.

अंगरूप तंदुरात लाकूड सारत होता. तो हसला नाही. लाकूड आत गेलं, तंदुराचं दार लागलं, तरी तो तसाच वाकून राहिला.

तर दाढेच्या त्या सकाळी आम्ही सहाला निघालो. अंधार होता, बर्फ सरळ पडत होता, वारा अजिबात नाही. अंगरूपने निघताना दिवे इतके पुसले की मी म्हटलं, "आता बास, काच झिजेल." लाल कड्याखाली तो कधी थांबत नाही हे मला ठाऊक होतं. खिडकीतून मान बाहेर काढून, रस्ता चाचपडत, पण पुढे जातो. बाप गेला त्या जागी थांबायला कोणाचं मन होईल, असं मी समजत होते.

वळण आलं. उजेड आधी दुधासारखा झाला, मग राखेसारखा. मग गेलाच.

त्याने काच खाली केली, मान बाहेर काढली.

"थांब," मी म्हटलं.

"हे वळण जाऊ दे, अमा. पुढे थांबतो."

"पुढे दिसतंय तुला?"

"दिसतंय."

"काय दिसतंय ते सांग."

गाडी माणसाच्या चालीने चाललेली, उजवीकडे चंद्रा. मी पट्टी आणि फडकं घेतलं. त्याने माझी बाही धरली.

"मी इथे उतरणार नाही. तूही उतरू नकोस."

दाढ डोळ्यापर्यंत ठणकत होती. मला कोणी बाही धरलेली तशीही चालत नाही. मी दार उघडलं, तेव्हा त्याला गाडी थांबवावीच लागली.

बाहेर इतकं शांत होतं की बर्फ बाहीवर पडलेला ऐकू येत होता. बॉनेटवर बोटभर थर. दिव्यांवर मात्र हातभर जाड, घट्ट. आणि तो भुरभुरीत नव्हता. माती कालवून भिंत लिंपली की बोटांच्या रेषा उठतात, तशा त्यात रेषा होत्या. मी त्यांच्याकडे जास्त बघितलं नाही. पट्टी घातली आणि खरवडलं. एक दिवा झाला. दुसऱ्याला गुडघ्यावर बसावं लागलं. फडकं फिरवलं, बटाटा फिरवला, उठले, बाजूला झाले आणि दोन ठोके मारले.

गाडी हलली नाही.

मी काचेतून बघितलं. अंगरूपचे दोन्ही हात वर होते, कानांवर दाबलेले. मी दार उघडून आत बसले.

"बहिरी मी आहे का तू? ठोके ऐकू नाही आले?"

"किती मारलेस?"

"किती म्हणजे? दोन."

"मी चार ऐकले, अमा." त्याने हात खाली घेतले. "पहिले दोन, तू खाली बसली होतीस तेव्हा."

त्याने गाडी काढली. खाली मोठ्या सडकेला लागेपर्यंत गाडीत फक्त वायपरचा आवाज होता.

बोगद्यात बर्फ नाही, वारा नाही, वर दिव्यांची रांग, भर दुपार असल्यासारखं. तिथे त्याने तोंड उघडलं.

"आबा घसरले नव्हते."

मी समोर बघत राहिले.

"ठोके आले. दोन. मी क्लच सोडला. रीतच आहे ना ती? आबा पुढेच होते, अमा. दुसरा दिवा पुसत होते."

"पट्टी कोणाच्या हातात होती?"

"त्यांच्याच."

"मग ठोके कोणी मारले?"

"माहीत नाही."

"अकरा वर्षांत हे उत्तर शोधलंस होय?"

तो गाडी चालवत राहिला. वरचे दिवे एकेक करून त्याच्या तोंडावरून सरकत होते. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची भीती वाटत होती, जी मला कशाचीच वाटत नाही.

"पालमोला माहीत आहे?"

त्याने स्टिअरिंगवरची पकड बदलली.

"कधीपासून?"

"लग्नाआधी सांगितलं होतं."

म्हणजे जी अजून घरात आली नव्हती तिला सांगितलं आणि जिने पोटात वाढवलं तिला नाही. सात वर्षं ती माझ्या चुलीपाशी बसून, माझ्या वाडग्यात थुकपा वाढत होती आणि मी तिला मीठ किती घालायचं ते शिकवत होते. आणि त्या दोघी कुजबुजणाऱ्या! त्यांना मी दारात उभं करून बोलले होते.

"तू मला घरात ठेवलं नसतंस," तो म्हणाला.

"नसतंच ठेवलं."

ते खरं होतं. पण त्याने ते माझ्या वतीने ठरवून टाकलं होतं.

ठोक्यांवर माझा काडीचा विश्वास बसला नाही. पोरगा थंडीने काकडला असेल, क्लचवरून पाय निसटला असेल. होतं तसं. त्या दिवशी येऊन सांगितलं असतं तर मी त्याला मारलं असतं, महिनाभर बोलले नसते, आणि एक दिवस वाडगा पुढे ठेवला असता. पण आपल्या चुकीवर भूत बसवायचं, आणि आज सकाळी माझ्यासमोर कानांवर हात ठेवून तेच पुन्हा नाचवायचं? रापतनच्या भाच्याने गोष्ट आयती हातात दिली होती. चूक मी गिळली असती. हे गिळवत नव्हतं.

मनालीत दाढ निघाली. अर्धं तोंड बधिर, गालात कापूस. डॉक्टरीणबाई म्हणाली, "तीन-चार तास बोलायचं नाही, आजी." एरवी अंगरूपने त्यावर आठवडाभर हसवलं असतं सगळ्यांना. त्याने फक्त गोळ्या खिशात ठेवल्या.

बोगद्याच्या आमच्या बाजूच्या तोंडाला आलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि बर्फ पुन्हा लागला होता. मी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. लाल कड्यापाशी पोचलो तेव्हा उजेड विझत आला होता. दिवे पुन्हा तिथेच बुजले. आधी दूध, मग राख.

मी त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याने गाडी थांबवली. मी त्याच्याकडे बोट केलं, मग बाहेर. मग माझ्याकडे आणि स्टिअरिंगकडे.

मला चालवता येतं. नदीकाठच्या सपाटीवर तोबदनने शिकवलं होतं, बटाट्याची पोती जुन्या जीपने मीच सडकेपर्यंत आणायची. पाय विसरत नाहीत.

अंगरूप माझ्याकडे बघत राहिला.

"मी खोटं बोलतोय का ते बघायचंय?"

मी मान हलवली. हो.

"आणि ऐकू आले तर?"

माझं तोंड बंद होतं. नाहीतर म्हटलं असतं, आले तर तुझ्या पाया पडेन.

तो ब्रेक धरून अर्धा बाहेर झाला, मी सरकले, माझा पाय ब्रेकवर बसला तसा त्याने काढला. क्लच दाबला, गिअर टाकला. तो उतरला. पण पुढे गेला नाही. आधी मागे गेला. कड्याच्या बाजूने एक दगड उचलून आणला, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. चाकाला तो लागलेला मला पायात जाणवला.

तिथे चढ आहे. चढावर गाडी मागे घसरते, म्हणून दगड चाकाच्या मागे लावतात. लहान मूलही सांगेल.

त्याने पुढे लावला. मला न विचारता, माझ्याकडे न बघता.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. अकरा वर्षं खोटं बोलला तो, आणि दगड माझ्यासाठी.

तो पुढे जाऊन वाकला. बॉनेटच्या वर त्याची टोपी तेवढी दिसत होती. खरवडल्याचा आवाज येत होता, एका लयीत. डावीकडचा उजेड उघडला. समोरचा बर्फ पांढरा झाला.

टोपी उजवीकडे गेली. पुन्हा खरवडणं. मग ते थांबलं. त्याने हात वर करून पट्टी बॉनेटवर ठेवली. आता फडक्याने पुसत असेल. पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती, आडवी, तिच्यावर बर्फ पडत होता.

मी त्या पट्टीकडेच बघत होते.

दोन ठोके आले.

लाकडाचे. पत्र्यावर. एक, आणि मग एक.

पट्टी हलली नव्हती.

मला ओरडायचं होतं. तोंड माझं नव्हतं, जीभ कापसात पडलेली.

आणि डावा पाय वर आला होता.

गाडीने उसळी घेतली, दगडाला धडकली, हादरली आणि बंद पडली.

टोपी दिसेना.

मी स्टिअरिंग धरून बसले. मग तो हळूच उभा राहिला. दोन्ही हातांत फडकं होतं. त्याने काचेतून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तो रागावेल, रडेल, म्हणेल, बघितलंस? त्याच्या तोंडावर त्यातलं काही नव्हतं. एखादी गोष्ट होणारच होती आणि ती झाली, असं काहीतरी होतं.

तो पुन्हा वाकला. उरलेला दिवा पुसला. बटाटा फिरवला. मग पट्टी उचलली, बाजूला झाला आणि त्याने दोन ठोके मारले. मी गाडी सुरू केली नाही. माझ्या बाजूला सरकले. तो दगड काढून मागे टाकून आला, बसला, निघाला.

माझा पाय का उठला, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. तोबदनबरोबर तीस वर्षं फिरले, तो उतरला की क्लचवर पाय माझाच, ठोका आला की पाय सोडायचा हे अंगात भिनलेलं, म्हणून असेल. बहुतेक तेच. पण ठोके आले तेव्हा माझ्या मनात त्याच्याबद्दल काय चाललं होतं, ते मला चांगलं आठवतं. आणि पायाला ते ऐकू गेलं नसेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मी ह्यातलं कोणाला सांगितलं नाही. त्याने पालमोला सांगितलं असणार. तिला तो सगळं सांगतो. तिने त्या दिवसापासून माझ्या थुकप्यात मीठ अगदी बेताचं घालायला सुरुवात केली. मागून घ्यावं लागतं.

रापतन आणि त्याचा भाचा परवा आले होते. मी भाच्याला बसायला पुढची जागा दिली. चहाचे पैसे घेतले नाहीत. रापतन म्हणाला, "आचे, आज काय विशेष?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडाला कंटाळले, म्हणून त्याचं बघतेय." भाचा हसला नाही. तो मला निरखत होता.

आता बर्फ ओसरला. गाडी अंगणात उभी असते, बंद, किल्ली अंगरूपच्या खिशात. दुपारी तिच्यात ऊन भरतं, म्हणून गुडघे शेकायला मी स्टिअरिंगच्या सीटवर जाऊन बसते. मी बसले की तो असेल तिथून येतो. चाकाच्या पुढे दगड लावतो आणि कामाला निघून जातो.

मी रागावत नाही. मीही आता पाय वर घेऊन, मांडी घालूनच बसते.